दार वाजवणाऱ्याला घर विकू नकोस

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या, आज्ञाधारक आणि सध्या तुझ्याच छपराखाली (कोरड्या बाजूला) बसलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांग. त्यांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. नसेल गेला, तर मी सांगितलेला काढा त्यांनी घेतला नाही असं समजतो. आणि घेऊनही गेला नसेल, तर तो काढा मी सांगितला नव्हता. तुझ्या गुडघ्यांचीही चौकशी करणार होतो. पण त्या आलेल्या गृहस्थांना सोडायला तू जिने उतरून थेट रस्त्यापर्यंत गेलीस असं तूच लिहिलंस, तेव्हा गुडघे उत्तम आहेत असं धरून चालतो. मी मागच्या वर्षी आलो होतो तेव्हा निघताना तू खुर्चीतूनच हात हलवला होतास. असो, त्याचं मला काही नाही.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. एक सभ्य गृहस्थ दारात आले होते, इकडचं घर विकणार का विचारत होते, मी विचार करून कळवते म्हटलं, घराची खरी अवस्था काय आहे ते लिही. आणि फोन करू नकोस, फोनवर तू बोलत सुटतोस, कागदावर निदान हात तरी दुखतो. अक्का, या चार ओळींनी माझी झोप उडवली. घर तुझं आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. ते तू स्वतःच्या नोकरीत पोटाला चिमटा काढून घेतलंस, आणि दाजींच्या बदलीच्या गावी जाताना किल्ल्या माझ्या हातात देऊन म्हणालीस की भाडं नको, फक्त घर नीट ठेव. ते मी माझ्या परीने ठेवलं. (माझी परी केवढी, हे तू लहानपणापासून जाणतेस.) पण उद्या तू ते विकलंस, तर तुझ्या भावाने आणि भावजयीने या वयात बाडबिस्तरा उचलून जायचं कुठे? माझी नोकरी सुटलेली, तिची दवाखान्यातली नोकरी जेमतेम. तेव्हा काही ठरवण्याआधी, अशी घरं मागत लोकांच्या दारात उभी राहणारी माणसं कोण असतात हे तुला कळायला हवं. आणि ते माझ्याइतकं नीट तुला दुसरं कुणी सांगू शकणार नाही, कारण गेलं दीड वर्ष तसा माणूस मीच आहे.

हो, मीच. विम्याच्या ऑफिसातून मी प्रकृतीमुळे बाहेर पडलो असं तुला कळवलं होतं. प्रकृतीला काहीही झालं नव्हतं. झालं असं की ऑफिसातल्या एकाने मला एका वर्गाला नेलं. हॉटेलातला मोठा हॉल, गार हवा, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आणि समोर कोट घातलेला एक माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणत होते. मास्तरांचं म्हणणं असं की मोठं व्हायचं असेल तर दुसऱ्याचं घर स्वस्तात घ्यायचं आणि तिसऱ्याला महागात द्यायचं. (एका बाईने हात वर करून विचारलं की त्या पहिल्या माणसाचं पुढे काय होतं. मास्तर म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवटी चहा होता.) त्यासाठी दलाल नको, जाहिरात नको, फोन तर नकोच, मालकाच्या दारात स्वतः जाऊन उभं राहायचं. मात्र वाटेल त्या मालकाच्या नव्हे, कंटाळलेल्या मालकाच्या. तो ओळखायचा घराच्या तोंडावरून. फाटकाची बिजागरी निखळलेली, गवत गुडघ्याइतकं, रंगाचे पोपडे, पत्रपेटीतून लोंबणारे जुने कागद, फुटक्या तावदानाला लावलेला पुठ्ठा. मास्तर याला लक्षणं म्हणत. एकाच घराला ही सगळी लक्षणं दिसली की ते आपलंच समजायचं. घंटी एकदाच वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं, अंग जरा तिरकं ठेवायचं म्हणजे आतलं माणूस दचकत नाही, पायपुसणं नसलं तरी पाय पुसल्यासारखे करायचे, आणि दार उघडलं की म्हणायचं, सहज इथून चाललो होतो.

तुझ्याकडचे गृहस्थही सहज तिथून चालले होते असं तू लिहितेस. अक्का, तुझं बिऱ्हाड बोळाच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथून पुढे सहज कुठेही जाता येत नाही.

मालक कशाने कंटाळतो हेही मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: मरण, घटस्फोट, बदली, आजारपण, भाऊबंदकी. आम्ही सगळ्यांनी ते मन लावून उतरवून घेतलं आणि वर मथळा घातला, ‘संधी’. त्या दिवसापासून माझी नजर बिघडली. रस्त्याने चालताना लोक झाडं बघतात, माणसं बघतात, मी तडे बघायला लागलो. दुसऱ्याच्या भिंतीला ओल दिसली की माझा चेहरा उजळायचा. तुझी भावजय पूर्वी संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला यायची. एकदा एका कोसळलेल्या कुंपणासमोर मी न राहवून ‘वा!’ म्हणालो, तेव्हापासून तिला रोज संध्याकाळी नेमकं दुकानात काहीतरी आणायचं असतं. नोकरी सोडली तेव्हा तिने फक्त विचारलं, मागच्या खोलीच्या खिडकीतून पाणी येतंय, त्याचं काय करायचं? मी म्हटलं, आता आपण घरांच्याच धंद्यात आहोत, ते आपोआप होईल.

पहिली घंटी वाजवायलाच मला आठवडा लागला. दारापर्यंत जायचो, बुटाची नाडी बांधायचो, परत यायचो. (माझ्या बुटांना नाड्या नाहीत. पण लांबून कुणाला काय कळतं.) शेवटी ज्या दारात उभा राहिलो ते घर दोन भावांचं निघालं. खाली शिंपी, वर त्याचा घड्याळं दुरुस्त करणारा भाऊ, आणि मधे जिना. जिना कोणी दुरुस्त करायचा यावरून दोघांचं फाटलं होतं. खालचा म्हणे, मी जिना वापरतच नाही. वरचा म्हणे, जिना सुरू होतो तुझ्या दारातून. त्यामुळे मधली एक फळी वर्षानुवर्षं नुसती टेकवलेली होती, आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. भाऊबंदकी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खालच्याने सांगितलं, त्याची सही आण, माझी घे. वरच्याने सांगितलं, आधी त्याची आण. मी वर-खाली, वर-खाली करत राहिलो. दोघांनीही मला बसायला दिलं, दोघांनीही एकमेकांबद्दल असं काही ऐकवलं की ठरलेलं लग्न मोडायला उपयोगी पडावं, आणि चौथ्या का पाचव्या खेपेला ती फळी माझ्यासकट खाली आली.

मी मांडीपर्यंत जिन्यात. आवाज ऐकून दोघं धावत आले, एक वरून, एक खालून, आणि मधे मी. अक्का, मला वाटलं हात देतील. खालचा ओरडला, आमचा जिना मोडला! वरचा ओरडला, आमच्या वडिलांनी बसवलेली फळी! बघ, त्या एका क्षणात जिना ‘आमचा’ झाला. मग दोघांनी मिळून मला बाहेर काढलं ते फाटकाबाहेरच. पुढे कळलं की त्याच रविवारी दोघांनी मिळून जिना बांधून घेतला आणि आता जेवणंही एकत्र होतात. मास्तरांना मी हे सांगितलं तर म्हणाले, भाऊबंदकी मिटली की ते घर आपल्या उपयोगाचं नाही, पुढचं दार बघा. सुजलेला पाय बादलीत बुडवून बसलो होतो, तेव्हा तुझ्या भावजयीने कापड पिळून दिलं आणि म्हणाली, त्यांचा जिना तरी झाला. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढचं दार मेट्रनबाईंचं. मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर मेट्रन होत्या, आता निवृत्त, एकट्या. घर म्हणजे लक्षणांचं प्रदर्शन. मी घंटी वाजवली, मागे सरलो, तिरका झालो. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, घर घ्यायचंय ना? आत या, आधी तो पलंग सरकवा. मी सरकवला. (नाही म्हणायची सोयच नव्हती. त्या आवाजात त्यांनी बड्या बड्या डॉक्टरांना हात धुवायला लावले असणार.) मग म्हणाल्या, विकण्याचा विचार आहे, पण घाई नाही, गुरुवारी या. गुरुवारी मी गेलो तर पन्हळीतला पाला काढायचा होता. त्यापुढच्या खेपेला फाटकाला नवी बिजागरी. मग गवत. दर वेळी चहा, दर वेळी घरावरून प्रेमाने फिरवलेली एक नजर, आणि दर वेळी ‘बघू या’. मास्तरांनी सांगितलं होतं की मालकाचा विश्वास कमवा. मी शिडीवर चढून तो कमवत होतो.

एके दिवशी मी मागच्या बाजूला गेलो तर पाण्याच्या टाकीतून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पाठोपाठ माणूस आला. आमच्याच वर्गातला! त्याला टाकी धुवायला दिली होती. सोमवारवाला खिडक्यांना रंग देत होता, बुधवारवाल्याने मोरीची फरशी बसवली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाई आपल्यालाच घर देणार. आम्ही एकमेकांकडे बघून मास्तरांनी शिकवलेलं हसलो. महिन्याभरात घर असं चकचकीत झालं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मग बाईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र बोलावलं, एकेक बिस्कीट दिलं, आणि म्हणाल्या, आता इतकं छान झालंय की विकायचं मनातच येत नाही. शिवाय फाटक थोडं करकरतं, ते कोणी केलं? मी हात वर केला. त्यांनी मला तेलाची बाटली दिली. अक्का, मी तेल घातलं, आणि मगच घरी आलो.

घरी आल्यावर आपलं फाटक उचलून उघडावं लागलं, कारण ते तसंच उघडतं. (हे तुला लिहिणार नव्हतो. पण लिहिलं. आता खोडलं तर जास्त दिसेल.)

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही, तरी सांगतो, कारण तुला या लोकांची जात कळायला हवी. एका घरचा कर्ता माणूस गेला. छापखाना होता त्यांचा. जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी गेलो. मास्तरांच्या फळ्यावर ते पहिलंच कारण होतं. दारात चपला होत्या, आत खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांची बायको एका बाजूला मान खाली घालून बसलेली. मी नमस्कार केला, बसलो, आणि जमेल तेवढा गंभीर चेहरा करून म्हणालो, घर फार मायेने बांधलेलं दिसतं. माझ्या शेजारी बसलेला माणूस चपापला. त्याने नुकतंच तेच वाक्य म्हटलं होतं. त्याच्या पलीकडच्यानेही. टाकीवाला, खिडकीवाला, आणि मी. तिघंही तेच बोललो, कारण मास्तरांनी दुखवट्याच्या घरासाठी ते एकच वाक्य शिकवलं होतं. त्या बाईंनी वर पाहिलं. आमच्यापुढे पाण्याचे पेले ठेवले आणि सावकाश म्हणाल्या, यांच्या ओळखीची इतकी माणसं होती हे मला माहीतच नव्हतं. हे असते तर बरं वाटलं असतं त्यांना.

मला लाज वाटली. खरंच वाटली. मी उठलो आणि बाहेर आलो. टाकीवाला मात्र बसून राहिला. त्या रात्री मी तुझ्या भावजयीला म्हटलं, हे काही खरं नाही, मी हे सोडतो. ती म्हणाली, सोडा. आणि मी सोडणारच होतो, अक्का, पण दुसऱ्याच दिवशी मास्तरांचा निरोप आला की तुमच्यात शिकवण्याचे गुण दिसतात, तुम्हाला एक नवा माणूस जोडून देतो, त्याला तयार करा. शिकवण्याचे गुण! तुला आठवत असेल, मला मॅट्रिकला गणित तू शिकवलंस आणि तरी मी नापास झालो. माझ्यात गुण आहेत असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी कबूल झालो.

तो नवा माणूस म्हणजेच तुझ्या दारात आलेले सभ्य गृहस्थ.

त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, चालेना म्हणून बंद केलं. आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणतो. मान खाली, आवाज हळू, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि घरात शिरताना पाय इतके मनापासून पुसतात की पायपुसण्याला संकोच व्हावा. तू लिहिलेलं वर्णन वाचलं आणि मी जागच्या जागी ओळखलं. आता हे तुझ्यापर्यंत कसे पोचले ते ऐक. त्यांना दारात उभं राहायची भीती वाटायची. मलाही पूर्वी वाटायची, म्हणून मी युक्ती काढली: अनोळखी दारात कशाला, आधी आपल्याच दारात सराव करू. मी आतून मालक व्हायचो, ते बाहेरून घंटी वाजवायचे. (घंटी वाजत नाही. ते तोंडाने वाजवायचे.) चार दिवसांत त्यांचा आवाज मोकळा झाला. मग मी म्हटलं, आता लक्षणं शिका. आणि शिकवण्याच्या भरात मी त्यांना आपल्याच अंगणात उभं केलं आणि हातात काठी घेऊन एकेक दाखवत गेलो. हे बघा फाटक, बिजागरी गेलेली. ही पन्हळ, मधेच तुटलेली, म्हणून पाणी भिंतीवर येतं. हे पोपडे. हे तावदान. मागे चला, इथे खिडकीखाली ओल, बोट घाला, बघा कसं आत जातं.

त्यांनी विचारलं, पण अशा घराचा मालक ओळखायचा कसा? त्या क्षणी माझी जीभ आवरली असती, तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी म्हटलं, सोपं आहे. असा मालक कधीच जवळ राहत नाही. लांब असतो, वयस्कर असतो, एखादी बहीणबिहीण समजा. तिने कुणीतरी नातेवाईक विश्वासाने आत ठेवलेला असतो, आणि तो काही करत नाही. तिला वरवर माया असते, पण आतून ती केव्हाच कंटाळलेली असते. तिला फक्त कुणीतरी येऊन विचारायचा अवकाश असतो. अक्का, हे मी बोललो. काठीने फाटक दाखवत बोललो. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, फाटकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, काय एकाग्र शिष्य मिळाला आहे! तुझी भावजय तेव्हा पायरीवर बसून शेंगा सोलत होती. ती शेंगाच सोलत राहिली, म्हणून मला काही खटकलंही नाही.

तुझं पत्र आल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेलो. (त्यांचं फाटक सुरेख आहे. नुसतं बोट लावलं तरी उघडतं.) मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हटलं, अहो, माझ्याच अंगणात शिकून माझ्याच मुळावर? त्यांनी ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, तुम्हीच सांगितलंत, मालकाकडे थेट जायचं. मालक तुम्ही नाही. यावरचं उत्तर मला वाटेत सुचलं, पण तेव्हा ते घरात आणि मी रस्त्यावर.

तर अक्का, घराची खरी अवस्था तू विचारलीस. खरी अवस्था अशी की घराचा सांगाडा भक्कम आहे आणि बाकीचं किरकोळ आहे. किरकोळ काय ते वर आलंच आहे, पुन्हा लिहीत नाही. पण त्या माणसाच्या सौम्य बोलण्यावर जाऊ नकोस. ते बोलणं माझं आहे. ते पाय पुसणं माझं आहे. तो तुझ्याशी तिरका उभा राहिला असेल तर तेही माझंच आहे. तो तुझ्याकडून घर घेईल आणि महिन्याभरात दुप्पट भावाने तिसऱ्याला देईल, आणि तू, मी, आपण सगळे मास्तरांच्या त्या पहिल्या माणसासारखे चहाच्या वेळेपर्यंत हात वर करून बसू. इतकी वर्षं मी या घरात राहिलो. माझा जीव आहे त्यात. कुठल्या पायरीवर पाय घसरतो, कुठली खिडकी ओढून लावायची, पाऊस आला की कुठे बादली ठेवायची, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? नवीन माणूस आला तर ते सगळं तो दुरुस्तच करून टाकेल. तेव्हा त्याला नाही म्हणून कळव. दोन शब्द पुरेत. माझ्यावर राग असेल तर तो ठेव, पण घर ठेव.

दाजींना काढा देऊ नकोस. तब्येतीला जप, जिने उतरू नकोस, आणि कुणी घंटी वाजवून मागे सरला तर दार लावून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सगळं वाचूनही घर विकायचंच असं तुझ्या मनाने घेतलं, तर मग परक्याच्या हातात कशाला देतेस? माझ्यामार्फत विक. टाकीवाला तयार आहे, मी त्याच्याशी सहज बोलून ठेवलं आहे, भाव चष्मेवाल्यांपेक्षा चांगला देईल. दलाली दोन्ही बाजूंनी घ्यायची रीत आहे. पण तू सख्खी बहीण, तुझ्याकडून अर्धीच घेईन. राहायचं काय ते मग बघू. हे तुझ्या भावजयीला कळवू नकोस, तिचा या घरावर फार जीव आहे.

ता. क. दुसरा : खाली थोडी जागा सोडली आहे. तुझी भावजय दोन ओळी लिहिते म्हणाली. पत्र तीच दवाखान्यात जाता जाता पेटीत टाकेल. (ती वरचं वाचणार नाही, माझं लिहिलेलं ती कधी वाचत नाही.) मला स्वतःला वेळ नाही, पुढच्या चौकात एक घर आहे, मालक बरेच दिवस आजारी आहेत असं कळलं, जरा भेटून येतो.

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. वरचं पत्र वाचलं. दवाखान्यात आज गर्दी नव्हती, म्हणून शेवटपर्यंत वाचता आलं. त्या गृहस्थांना तुमचा पत्ता मी दिला. त्यांनी मागितला नव्हता. त्या दिवशी शेंगा सोलताना हे जे बोलले ते ऐकलं, आणि हे पाय धुवायला आत गेल्यावर मी त्यांना थांबवून चिठ्ठीवर लिहून दिला. घर यांनी दाखवलंच होतं, मी वन्संना एकही गोष्ट खोटी सांगायची नाही, भाव योग्य द्यायचा, असं बजावूनच पाठवलं. विकायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, घर तुमच्या कष्टाचं आहे. पण ठेवायचं असेल तर गवंडी लावा, कारण आणखी एक पावसाळा ती मागची भिंत काढणार नाही. आमची काळजी तुम्ही मनातून काढा. दवाखान्याजवळ दोन खोल्या मिळाल्या आहेत, एक तारखेपासून, भाडेपत्र माझ्या नावावर आहे. कोरड्या आहेत. यांनाही जागा आहे. मी दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा हे कुणाच्या तरी दाराकडे निघाले होते. तेव्हा एवढी विनंती की उत्तर लिहाल त्यात हे तुम्हीच यांना कळवा. माझं बोलणं यांच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या चार ओळी मात्र उभ्याने वाचतात, आणि मग बसून पुन्हा वाचतात.